थोरलीचा मान

मंगळवारी सकाळी साडेनऊच्या सुमाराला, शिवणाच्या मशीनला तेल घालता घालता, वच्छलाबाईंना कळलं की आपण विधवा झालो आहोत. आपलं लग्न झालेलं आहे हे कळायचं मात्र त्याआधी राहून गेलं होतं. दारात पटकेवाला एक माणूस उभा होता आणि त्याच्या मागे डोळ्यांपर्यंत पदर ओढलेली एक बाई. माणसानं जोडे पायरीखाली काढले, उंबऱ्याच्या आत पाऊल न टाकता वच्छलाबाईंच्या पायांच्या बोटांकडे बघितलं आणि म्हणाला, “थोरल्या वैनी, दादा गेले.” वच्छलाबाईंना वाटलं, यांचा पत्ता चुकलाय. शहरातल्या या छावणी भागात असं होतं, एकाची तार दुसऱ्याच्या दारी जाते आणि भलतंच घर तासभर रडून घेतं. या दोघांना पाणी द्यावं आणि योग्य घरी पाठवावं, एवढ्याच हेतूनं त्यांनी विचारलं, “कुणाचे दादा?” “आपले. सांडूदादा. पिशोरचे.” तेलाची कुपी हातात कलंडली ती तशीच राहिली. शिवायला घेतलेल्या पिवळ्या पोलक्यावर डाग पसरत गेला, आणि त्यांच्या मनात पहिला विचार आला तो असा की हा डाग आता निघणार नाही. दुसरा विचार असा आला की सांडू मेला. तिसरा यायला बराच वेळ लागला.

माणूस सांडूचा धाकटा भाऊ कारभारी होता. वच्छलाबाईंनी त्याला शेवटचं बघितलं तेव्हा त्याला मिसरूड फुटलं नव्हतं. आता मिशीत पांढरा केस होता. थोरल्या भावजयीच्या तोंडाकडे बघायचं नाही ही रीत तो इतक्या कसोशीनं पाळत होता की सगळं बोलणं त्यानं मशीनच्या पायट्याला उद्देशून केलं. दादा मागच्या मंगळवारी बैलांना पाणी दाखवता दाखवता खाली बसले ते उठलेच नाहीत. परवा गुरुवारी दहावा. सरणापाशी भावकीतल्या म्हाताऱ्या दगड घेऊन या मनकर्णावैनीच्या बांगड्या फोडायला बसल्या, तवा त्यातली सगळ्यांत जुनी म्हातारी म्हणाली, थांबा गं, थोरली जित्ती हाय. “आपल्या भावकीत आधी थोरलीच्या फुटत्यात, मंग धाकटीच्या. थोरलीचा मान हाय त्यो. तिच्या हातात बांगडी हाय तवर धाकटीच्या हाताला कुनी शिवत नाय. अन् दहाव्याला नाय झालं तर मंग कधीच नाय, सुतक फिटल्यावर दगड उचलीत नाहीत. म्हनून न्यायला आलो. दोनची गाडी हाय.” वच्छलाबाई शहरातल्या पाच समित्यांवर होत्या आणि पाचही ठिकाणी त्यांच्याकडे शेवटी आभार मानायचं काम असे. पहिला मान त्यांना आजवर कुणी दिलेला नव्हता. हात पदराखाली गेले ते त्यांच्या नकळत. त्या हातांत बांगड्या नव्हत्या, पंधरा वर्षं नव्हत्या. पण कारभारी पायट्याशी बोलत होता, त्याला ते दिसलं नाही. दहाव्याचं सामान घेऊन बाराच्या आत येतो, मनकर्णावैनी तवर इथं बसत्यात, तुम्ही तयारीत ऱ्हावा, असं पायट्याला सांगून तो बाजाराकडे निघून गेला.

तयारी म्हणजे काय करायची? मनकर्णा भिंतीला टेकून बसली होती, पदर अजून डोळ्यांवर, आणि गुडघ्यांवर ठेवलेले दोन हात. हिरव्या-लाल काचा मनगटापासून वर इतक्या दाटीनं चढलेल्या की मधून कातडी दिसत नव्हती. सांडूची बायको. त्यानं पन्नास साली लग्न केलं हे वच्छलाबाईंना एका जुन्या सोबत्याकडून कळलं होतं. तेव्हा त्यांनी “छान झालं” असं म्हटलं होतं आणि त्या दिवशी संध्याकाळी चार पोलकी उलटी शिवली होती. पण आपण अजून त्या घरात आहोत, भावकीच्या हिशेबात जिवंत आहोत, हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. माणूस मेल्याची बातमी येते. आपण इतकी वर्षं कुठेतरी नांदत होतो अशी बातमी कुणाला येत नाही.

ते लग्न तात्यासाहेबांनी लावलं होतं, म्हणजे लावलं नव्हतं, वाटून दिलं होतं. सत्तेचाळीसची दिवाळी नुकतीच झाली होती. सरहद्दीपलीकडे, चाळीसगावच्या बाजूला आमराईत निजामाविरुद्धच्या लढ्याचा कॅम्प होता, आणि त्याचे प्रमुख तात्यासाहेब सकाळी कामं वाचून दाखवत. दोघांनी पत्रकं न्यायची, तिघांनी नाक्यावर नजर ठेवायची, सांडू आणि वच्छला नवराबायको. मग ते पुढच्या कलमाकडे वळले, ते पिण्याच्या पाण्याचं होतं. मंगळसूत्र कॅम्पच्या ट्रंकेतून निघालं. त्याच ट्रंकेत बॅटऱ्या आणि आयोडीन असे. निजामाच्या हद्दीत एकटी बाई दिसली की पहारा चौकशी करी. नवऱ्यामागून चालणारी बाई म्हणजे सामान, ते कुणी उघडून बघत नसे. वच्छला तेव्हा पंचविशीची. शहरातल्या मास्तरांची मुलगी, घरी चिठ्ठी ठेवून निघालेली. देशासाठी मरायची तिची तयारी होती. नांदायचं कुणी विचारलं नव्हतं. अनोळखी गावात राहिलं तर संशय येईल म्हणून सांडूनं तिला सरळ स्वतःच्या मळ्यात नेलं, पिशोरपासून कोसावर, आणि आईला सांगितलं, चाळीसगावला लगीन लावलं. म्हातारी तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी तिनं वच्छलेची ओटी भरली. मांडीवर खण, नारळ, ओंजळभर तांदूळ, आणि खाली पदराच्या आड कमरेला बांधलेली दोनशे पत्रकं. म्हातारी म्हणाली, “वटी जड हाय गं पोरी, लेकुरवाळी होशील.” वच्छलेला हसू आलं होतं आणि त्या हसण्याची लाज आजही, छावणीतल्या या खोलीत, कानांच्या पाळ्यांना जाणवते.

पहिले दोन महिने सांडू खळ्यावर निजे. मग वस्तीवर बोलणं सुरू झालं की पोराला बायको पसंत नाही, आणि असलं बोलणं बंदुकीपेक्षा लांब जातं, म्हणून तो घरात आला. दोघांच्या मध्ये बाजरीचं एक पोतं ठेवलं. त्या पोत्याच्या तळाशी पत्रकं असत, तेव्हा ते तिथं असायला सबळ कारण होतं आणि कुणालाच कुणाला काही सांगावं लागलं नाही. म्हातारी रोज त्यातली पायलीभर बाजरी दळायला घेई. पोतं बसत जाई. बसत बसत कमरेएवढं होई, गुडघ्याएवढं होई, पलीकडे सांडूचा खांदा दिसू लागे, मग कान; आणि एके सकाळी वच्छला उठून बघे तर पोतं पुन्हा तोंडापर्यंत भरलेलं असे. तो कधी भरी ते तिनं पाहिलं नाही. नऊ महिन्यांत सात वेळा भरलं. सातव्या वेळी तिला त्याचा राग आला होता. कशाबद्दल, हे तिनं तेव्हा तपासलं नाही. स्वातंत्र्य अगदी तोंडाशी आलं होतं आणि असल्या चौकशीला सवड नव्हती.

एकदा निजामाच्या पोलिसांची तुकडी मळ्यात आली. त्यांचा जमादार घोड्यावरून उतरला, दोघांकडे आळीपाळीनं बघितलं आणि म्हणाला, मियां-बीवी हो? लगते तो नहीं. नवराबायको कसे दिसतात हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. सांडूनं मग जे सुचलं ते केलं, भांडण काढलं. कालवणात मीठ नव्हतं म्हणाला. वच्छला म्हणाली, मीठ तुम्ही आणलं नाही. तो म्हणाला, सोमवारी आणलं. ती म्हणाली, सोमवारी तंबाखू आणली. दोघं वाढत गेली. तिनं त्याच्या तंबाखूचा, घोरण्याचा, मुक्यासारखं बसण्याचा उद्धार केला आणि त्यातलं काहीच तिला बनवून सांगावं लागलं नाही. जमादार गुडघ्यावर कोपर ठेवून दोन्ही बाजू ऐकत बसला. शेवटी त्यानं निवाडा दिला की चूक मर्दाची आहे, बाईला बाजारहाटाचे पैसे तिच्या हातात मिळाले पाहिजेत. सांडूकडून कान धरून कबूल करवून घेतलं, दोघांना समेटाचं म्हणून एकाच पितळीतलं पाणी प्यायला लावलं आणि समाधानानं निघून गेला. तुळईत दोन बंदुका होत्या. राज्य कोसळायला तेव्हा सहा महिने होते, आणि त्या राज्याच्या एका नोकरानं त्यांचं लग्न जितकं मनावर घेतलं तितकं पुढे कुणी घेतलं नाही. पितळी तिच्या हाती देताना सांडूनं ती लगेच सोडली नाही. पोलिसांमुळे असेल, असं तिनं धरलं. धरणं सोपं होतं.

मग भारताच्या फौजा आल्या, चार-पाच दिवसांत सगळं आटोपलं, आणि शहरात या, कामं फार आहेत, असा निरोप आला. तिनं मंगळसूत्र काढून सरकारी वस्तू जमा करावी तसं कोनाड्यात ठेवलं, बांगड्याही उतरवल्या. सांडू दारात उभा होता. तो म्हणाला, “ऱ्हायलीस तरी चालंल.” एवढंच. ती म्हणाली, “बैलगाडी किती वाजता निघेल?” हे उत्तर तिनं पुढे बऱ्याचदा तपासून बघितलं. व्याकरणानं त्यात चूक नव्हती.

शहरात खरोखरच कामं फार होती. छावणीतल्या दोन खोल्यांत बायकांचा वर्ग निघाला. लिहिणं, वाचणं, शिवण. शनिवारी-रविवारी वच्छलाबाई तालुक्यातालुक्यांत जात, पिशोर सोडून, आणि नवरा मेला म्हणून बाईच्या बांगड्या फोडू नयेत यावर बोलत. त्यांचा मुद्दा साधा होता. त्या स्वतःचे मोकळे हात उंच करून सांगत, घालूच नका, म्हणजे फोडायला काही राहणार नाही. बायका अगदी मन लावून ऐकत. मग परतताना आपसांत म्हणत, बिचारी, कवळ्या वयात गेला वाटतं हिचा. पंधरा वर्षांत बारा ठराव झाले, एक स्मरणिका निघाली, आणि एकाही बाईची एकही बांगडी वाचली नाही. समितीचे अध्यक्ष नानासाहेब दरवर्षी त्यांची ओळख करून देताना म्हणत, आजन्म अविवाहित राहून ज्यांनी देशाला वाहून घेतलं. टाळ्या पडत. त्या शब्दांवर वर्ग उभा होता; त्या शब्दांच्या भरवशावर नवरे बायकांना पाठवत होते. आता दोनच वाटा होत्या. आपण अविवाहित, हे खरं सांगायचं, तर अकरा महिने एका परक्या माणसाच्या घरात, एका छपराखाली काय करत होतात, हे कुणीही विचारील, आणि बाजरीच्या पोत्यावर कोण विश्वास ठेवील? नाहीतर गप्प बसायचं, दोनची गाडी पकडायची, गुरुवारी दगडाखाली हात ठेवायचे. म्हणजे मोकळे हात. तिथं काय फोडणार होते?

पण भिंतीशी बसलेली ही बाई होती. तेरा वर्षं एका खोट्या थोरलीची धाकटी म्हणून जगलेली. ओवाळताना दुसरी, पानाला दुसरी, आणि आता विधवा होतानाही दुसरी. हिला तरी खरं कळायला हवं. वच्छलाबाईंनी घसा साफ केला. व्याख्यानाआधी त्या करत तसाच झाला तो.

“मनकर्णाबाई, मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“मला ‘अगं’ म्हना, अक्का. म्या धाकटी.”

“तेच. तुम्ही धाकट्या नाही. आमचं लग्न झालेलंच नव्हतं. ते कामासाठी घेतलेलं सोंग होतं. सांडूनं मला कधी बोट लावलं नाही. त्याची पहिली आणि एकटी बायको तुम्ही. हे मी भावकीपुढे येऊन सांगायलाही तयार आहे.”

मनकर्णानं तांब्या उचलून वरून पाण्याचा एक घोट घेतला. पदरानं ओठ पुसले.

“ठावं हाय मला,” ती म्हणाली.

बाहेर कुणीतरी सायकलची घंटा वाजवत गेलं. वच्छलाबाईंना वाटलं, आपल्या तोंडातून आत्ता जे बाहेर पडलं त्यासाठी पंधरा वर्षं लागली, आणि ते या बाईनं पाण्याबरोबर गिळलं.

“कधीपासून?”

“लगीन झालं त्याच्या दुसऱ्या सालापासून. म्या म्हनलं, तिला तरी घिऊन या, न्हायतर मला माहेरी घाला. रोज रोज कोन ऐकून घिल, थोरली अशी शिकल्याली अन् थोरली तशी बोलायची. तवा सांगितलं समदं. पोत्याचं बी सांगितलं.”

“मग गावाला का नाही सांगितलं?”

“म्हातारीनं वटी भरली व्हती ना. मेली असती ती.”

“आणि त्या गेल्यावर?”

“मंग सवय झाली व्हती.” मनकर्णानं पदर थोडा मागे सारला. चाळिशीच्या अलीकडचा चेहरा, रडून सुजलेला, आणि त्यात अगदी कोरडे, कामाला लागलेले डोळे. “अन् माझं बी बरं चाललं व्हतं, खोटं कशाला बोलू. मला लेकरू झालं नाय. दुसरी कुनी असती तर तिला वांझ म्हनून जाळून खाल्ली असती. माझ्या टायमाला समदी म्हनायची, थोरलीचा तळतळाट लागला. सासू सकाळी उठली की आधी तुमाला शिवी द्यायची, मंग चूल पेटवायची. मला कधी एक शबूद नाय. तुमी लई उपेगी पडलात, अक्का.” ती एका बांगडीवरून अंगठा फिरवत राहिली. “अन् त्यांना बी बरं वाटत आसंल. तुमी हायसा म्हनून.”

हे वाक्य वच्छलाबाईंनी ऐकलं, आणि ते कुठे ठेवावं हे त्यांना कळेना. भाषणातल्या टाळ्या कुठे ठेवायच्या हे त्यांना ठाऊक होतं, तुरुंगातल्या सोबतिणींची पत्रं, नानासाहेबांनी दिलेली शाल, सगळ्याला जागा होती. खोली एकदम फार लहान झाली. म्हणजे तो इतकी वर्षं खोटं बोलत नव्हता. तो ते पोतं भरत होता. दरवेळी खाली बसलेलं, दरवेळी न बोलता तोंडापर्यंत. आणि इकडे आपण नेमानं पिशोर वगळून सगळा जिल्हा पालथा घालत होतो. त्यांना उठून काहीतरी शिवावंसं वाटलं. बाई समोर होती म्हणून त्या उठल्या नाहीत, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की अजून एक प्रश्न शिल्लक आहे.

“मग तुम्ही मला न्यायला का आलात?”

मनकर्णानं दाराकडे बघितलं. मग बसल्या बसल्याच सरकत पुढे आली, इतकी जवळ की तिच्या लुगड्याचा शेणा-धुराचा वास यायला लागला.

“न्यायला भावजी आले. म्या नको सांगायला आले. तुमी येऊ नका, अक्का.”

“म्हणजे?”

“थोरलीनं फोडून घेतल्या नाय तर माझ्या हाताला कुनी शिवू शकत नाय. रीतच हाय. परवाचा दिस टळला की कायमचं टळलं.” ती भराभर बोलायला लागली, हिशेब पाठ केल्यासारखी. “मिरग पंधरा-अठरा दिसांवर आला. आमच्या रानात चाड्यावर मूठ माझी असती. तिफन ते धरायचे अन् बी म्या सोडायची, तेरा सालं. माझ्या मुठीला एक दाना मागं-पुढं पडत नाय, कुनालाबी इचारा. मोकळ्या हाताच्या बाईला चाड्याला शिवू देत न्हाईत. मंग भावजी पेरनार. अन् एकदा त्यांनी पेरलं की रान त्यांचं झालं, म्या त्यांच्या वट्यावर बसून भाकरी मागनार. म्या नाय मागनार. मला पेरायचंय.”

“अहो, पण याला कायदा आहे. मी कारभारींशी बोलते. गावात येते, सगळ्यांना नीट समजावून सांगते—”

“भाषान?” मनकर्णा पहिल्यांदाच हसल्यासारखी दिसली. “म्या ऐकलंय तुमचं भाषान. कन्नडच्या बाजारात, दोन सालामागं. यांना न सांगता आले व्हते, म्हनलं थोरली हाय तरी कशी बघावी. लई ग्वाड बोलता. बाया रडल्या. अन् घरी जाऊन त्याच आठवड्यात आमच्या चुलतसासूच्या बांगड्या फोडल्या त्यांनी. भाषान नगं, अक्का. तुमी फकस्त नाय म्हना. मोठ्यानं. चार मानसं ऐकतील असं. लग्नाची थोरली म्हनून नाय म्हना.” तिनं हात पुढे करून वच्छलाबाईंचा पदर बाजूला केला. “अन् हे भरा आधी. हे असे मोकळे बघितले तर भावजी म्हनतील, थोरलीच्या कवाच फुटल्या. मंग माझ्या फोडायला मोकळेच.”

साडेदहाला दोघी मणियाराच्या बांगड्यांच्या दुकानात बसल्या होत्या. छावणीच्या बाजारातलं पाट टाकलेलं दुकान, रोज त्यावरून जाणं-येणं, आणि पंधरा वर्षांत एकदाही पायरी चढलेली नाही. म्हातारा मणियार चष्म्यावरून बघत म्हणाला, “आज रस्ता भूल गए क्या, टीचरबाई? घर में शादी है?”

“मयत आहे,” वच्छलाबाई म्हणाल्या.

त्यानं थोडा विचार केला, पण हात त्याच्या हातात आलेला होता आणि त्याच्या धंद्यात हात आला की बांगडी चढवायची असते. “कौनसा रंग?”

“लाल,” मनकर्णा म्हणाली. “सहा-सहा. थोरली हाय ती.”

बोटं आत दुमडायची, अंगठा तळव्यात घालायचा, हात सैल सोडायचा. सैल सोडणं वच्छलाबाईंना जमेना. मणियार म्हणत होता, ढीला छोडो, ढीला, हड्डी हमारी है समझो. साबणाचं पाणी, त्याची खरखरीत बोटं आणि काचेची गार कड. पेरांपाशी काच अडली, कातडी तिच्यामागे गोळा झाली, आणि पहिली बांगडी कट्कन तुटून पाटावर पडली. मनकर्णानं तुकडे झटकन पाटावरून खाली सारले. “ही मोजायची नाय,” ती घाईनं म्हणाली, कुणाला ते कळलं नाही, मग वर बघून पुन्हा म्हणाली, “ही हातात गेली नव्हती. ही धरायची नाय.” दुसरी चढली. तिसरी चढली. मणियारानं हात सोडला नव्हता. कुठल्याच माणसानं आजवर आपला हात इतका वेळ धरलेला नाही, असं वच्छलाबाईंच्या मनात आलं; मोर्च्यात धरले होते, अटकेत धरले होते, पण ते हात दुसरीकडे न्यायला धरतात. सांडूनं धरला नव्हता. पितळी देताना दोन बोटं लागली होती, तीही निजामाच्या हुकमानं. चाळिसाव्या वर्षी, लग्नाच्या सोळाव्या वर्षी, नवरा जाऊन आठव्या दिवशी त्यांच्या हातात चुडा चढत होता, आणि कुठूनतरी, पोटाच्याही खालून, एक हुंदका आला तो त्यांना ओळखू आला नाही. बाहेर पडल्यावर कळलं की तो रडण्याचा आहे. मणियार हळहळला. “हो गया, बाई, हो गया. पहली बार दुखता है.” मनकर्णानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. ती रडत नव्हती. तिला अजून गाडीत बसेपर्यंत बरंच काम होतं.

बाराला वर्गाच्या बायका यायला लागल्या. पाट्या, पिशव्या, अर्धवट शिवलेली झबली. कारभारीही त्याच वेळेला आला, खांद्यावर सामानाची पिशवी, आणि पायरीखाली उभा राहून त्यानं उंबऱ्याला विचारलं, “चलायचं का, वैनी?” वच्छलाबाई दारात आल्या. हजारोंच्या सभेत त्या बोलल्या होत्या, पण आजवर त्या खरं बोलत होत्या. खरं बोलायला घसा साफ करून भागतं. त्यांनी दोन्ही हात पदराबाहेर काढले.

“मी येणार नाही.”

“जी?”

“मी सांडूची लग्नाची बायको. थोरली. माझा मान आहे ना? मग मी सांगते. मी बांगड्या फोडून घेणार नाही. परवाही नाही आणि कधीच नाही.”

नवऱ्याचं नाव असं तोंडानं घेतल्यावर वर्गातल्या दोघीचौघींनी पदर तोंडाला लावला. वच्छलाबाईंच्याही ते आत्ताच लक्षात आलं. इतकी वर्षं त्या हे नाव सहज घेत आल्या होत्या, कारण तो त्यांचा कुणी नव्हता. कारभारीची मान वर आली. पायट्यावरून, उंबऱ्यावरून, लाल चुड्यावरून त्याची नजर पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यापर्यंत पोचली. त्यात राग नव्हता, आणि रागापेक्षा ते सोसायला जड होतं.

“मानूस मेलाय, वैनी,” तो म्हणाला. “तुमचा.”

“हो,” त्या म्हणाल्या. “माझा.”

“दादानं उभ्या जन्मात तुमच्याबद्दल एक वावगा शबूद काढला नाय. अन् तुमी त्यांच्या सुतकात नवा चुडा भरला?”

वच्छलाबाईंनी मनकर्णाकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर सगळं फसलं असतं. पण तेवढ्यात मनकर्णा खोलीतून वाऱ्यासारखी बाहेर आली, त्यांना खांद्यानं बाजूला ढकलून पायऱ्या उतरली, गल्लीच्या मधोमध उभी राहिली आणि पदर खोचून तिनं तोंड सोडलं.

“अगं ए भवाने! नवरा सरनावर गेला अन् तू चुडे भरीत बसली? तेरा सालं माझ्या उरावर बसली व्हतीस, त्यो मेला तरी उतरंना व्हय गं, कैदाशिनी! देशाचं काम करती म्हनं! पोरीबाळींनो, हिच्याकडं काय शिकताय गं, नवरा मेल्यावर कसं नटायचं ते?” खिडक्या उघडल्या. मणियारही दुकानाबाहेर आला. “तुझ्यापायी मला माझ्या मानसाची रीत बी करता येईना! हे बघा, लोकांनो, हे माझे हात! हे आता असेच ऱ्हानार मरस्तवर! कुनाच्या बापाला हात लावता यायचा नाय!” आणि तिनं दोन्ही हात डोक्याच्या वर नेऊन, सगळ्या गल्लीला दिसतील असे धरून, कडाकडा बोटं मोडली. बांगड्या कोपरापर्यंत खाली घसरल्या आणि पुन्हा मनगटावर आल्या.

“चला, वैनी,” कारभारी खाल आवाजात म्हणाला. “नका तोंड घान करू. गाडी जाईल.”

वर्गाच्या बायका एकमेकींकडे बघत होत्या. एकीनं पाटी पिशवीत घातली. दुसरी वळली, तिच्यामागे आणखी तिघी. नानासाहेबांपर्यंत हे चार वाजायच्या आत पोचणार होतं. वच्छलाबाई दारात उभ्या राहिल्या. पेरं सुजली होती, काच मनगटाला टोचत होती, आणि त्यांनी हात झाकले नाहीत. मनकर्णा दीराच्या मागून चालत होती, दर चार पावलांवर वळत होती आणि नवी शिवी देत होती. एकीसारखी दुसरी नव्हती. खाटकाच्या वळणाशी ती पोचली तेव्हा शब्द अस्पष्ट व्हायला लागले, तशा वच्छलाबाई आणखी ऐकू यावं म्हणून दोन पायऱ्या खाली उतरल्या.